खिडकीतले तीन कप

मास्तरानं माझ्या कानाखाली वाजवली तेव्हा माझ्या हातात कंपनीचा टॅब होता. पहिल्या फटक्याला कान बधिर झाला. दुसऱ्या फटक्यात खालचा ओठ दातांत सापडला आणि फाटला. मी टॅब सोडला नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवला. खाली पडला तर फुटेल, ही भीती. स्वतःच्या थोबाडापेक्षा मला त्या काचेची काळजी.

"कुनी सांगितलं तुला लिवायला? बोल की! कुनी सांगितलं?"

तोंडात रक्त होतं. बोलणार काय?

"बिल्ला दिला म्हून डोस्क्यावर बसतीस व्हय?"

त्यानं छातीवरचा बिल्ला धरून ओढला. पिन ओढणीतून कुडत्यात अडकलेली होती. कुडतं टर्रकन खांद्यापर्यंत फाटलं. मी एका हातानं टॅब धरला, दुसऱ्या हातानं उघडा खांदा झाकला. सगळ्या बाया टेबलांपाशी उभ्या होत्या. हातात टॉवेल तसेच. एकीचाही हात हलला नाही.

मी लिहिलं तरी काय होतं? तीन शब्द. ते कसे लिहिले ते सांगते.

अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना. एका बाजूला माग, दुसऱ्या बाजूला आमचं चेकिंग. मागावरून आलेला टॉवेल उजेडात धरायचा, तुटका धागा बघायचा, लोंबणारे धागे कात्रीनं कापायचे, घडी घालून पुढं सरकवायचा. सगळ्या बायाच. त्यांच्यावर एक मास्तर. आम्हाला शेठ दिसायचा तो दसऱ्याला, मागांच्या पूजेला. एरवी जे काही सांगायचं ते मास्तराला. मास्तर वर सांगेल नाहीतर गिळून टाकेल. सुट्टी पाहिजे, मास्तर. पोटात दुखतंय, मास्तर. संडासाची कडी तुटली, तेही मास्तर.

बायांत आम्ही तिघी वस्तीवरच्या. मी, पारूमावशी आणि सुमन. आमची वस्ती कुठली, तिथं कुठल्या रंगाचा झेंडा आहे, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. पत्ता सांगितला की समोरचा माणूस समजून जातो आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाही. माझ्याआधी इथं माझी आई होती. तिचे डोळे अधू झाले तेव्हा तिची जागा मला मिळाली. तिची कात्री मला मिळाली. आणि तिचा कपही.

कपाचं आता सांगते.

चेकिंगमध्ये आत भिंतीला लाकडी फळी आहे. त्यावर सगळ्या बायांचे कप असतात, मास्तराचाही. आमचे तीन कप खिडकीत, गजाच्या पलीकडं. पावसात भिजायचे, उन्हात तापायचे. चहाच्या सुट्टीला चहा वाटणारा तात्या किटली घेऊन यायचा. आतल्यांना कप हातात द्यायचा. आम्ही बाहेर जायचं, कप खाली ठेवायचा, तो किटली लई वर धरून धार सोडायचा. लहानपणी आईचा डबा घेऊन यायची तेव्हा मला वाटायचं, फेस यावा म्हणून तो असं ओततो. मला त्या धारेचं कौतुक होतं. नंतर मोठी झाले, कळलं, आणि कळल्यावरही मी त्याच जागी कप ठेवत राहिले. चहा प्यायचा आणि बाहेरच्या नळावर कप धुऊन खिडकीत ठेवायचा. कुणी कधी बोललं नाही. बोलायची गरजच कुणाला पडली नाही.

मग शेठचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि त्यानं एक अ‍ॅप आणलं. सांगड त्याचं नाव. सोबत पुण्याची एक मॅडम. गोरीपान, खादीचा कुर्ता, बोलणं गोड. तिनं सगळ्यांना मागांच्या शेडमध्ये बसवलं. पांढऱ्या पडद्यावर चित्रं दाखवली. एकमेकांचे हात धरलेली माणसं, गोल करून.

"सांगडमध्ये कोणी वर नाही, कोणी खाली नाही," ती म्हणाली. "शेठ आणि तुम्ही एकाच ओळीत. तुम्ही लिहाल ते सोलापूरला दिसेल, पुण्याला दिसेल, मुंबईला दिसेल. मनातलं बोला. हे आपलं घर आहे."

टाळ्या झाल्या. मास्तरानंही वाजवल्या.

प्रत्येक खात्याला एक टॅब मिळाला. तात्यानं नारळ फोडला. कुणीतरी हळदीकुंकू लावलं ते नेमकं कॅमेऱ्याच्या भिंगावर, त्यामुळं पहिल्या दिवशी आमच्या खात्याचे सगळे फोटो तांबडे आले. पण बाया त्याला हात लावेनात. बोट लावलं आणि काही बिघडलं तर? लिहिलं आणि मास्तराला राग आला तर? सगळ्या आपल्या सकाळी गुलाबाचं फूल टाकायच्या आणि देवाचा फोटो. मॅडम वैतागली. भिंतीवर तक्ता लागला. जास्त बोलणाऱ्या खात्याचा फोटो गेटवर लागणार. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी उभं राहून म्हणायचं, "माझी सांगड, माझी माणसं." म्हणायचं आणि टाळी वाजवायची. बाया तोंडातल्या तोंडात म्हणायच्या, कोंबड्या फडफडल्यासारख्या टाळ्या वाजवायच्या.

दहावी पास आणि फोन सराईतपणे चालवणारी मी एकटीच. मॅडमनं मला पुढं बोलावलं. "आजपासून तू सांगडसखी. सगळ्यांना शिकव. आणि लक्षात ठेव, कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. प्रश्न लोंबकळत ठेवायचा नाही." माझ्या छातीवर तिनं स्वतःच्या हातानं बिल्ला लावला. तिच्या बोटांना साबणाचा वास येत होता. आजवर कुणी माझ्या छातीवर काही लावलं नव्हतं. मी हरखले. खोटं का बोलू? घरी गेले तरी बिल्ला काढला नाही. आई हातानं चाचपत म्हणाली, "पोलिसाचा हाय का गं?"

मी मन लावून शिकवलं. जीव ओतला. माझ्या शेजारच्या टेबलावर लक्ष्मीअक्का. मागावर आयुष्य काढलेल्या घरातली, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. ती टॅबपुढं बसली की घाम फुटायचा. "अम्मा! हे दाबलं तर समदं पुसत न्हाई ना?" शेवटी मी तिचं बोट धरलं आणि काचेवरून फिरवलं. इतकी वर्षं हाताला हात लागेल इतक्या जवळ काम केलेलं, पण तिचा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा धरला. झाल्यावर अक्कानं बोट पदराला पुसलं. मला वाटलं, धागे लागले असतील.

मग मॅडमचं फर्मान आलं. "फुलं नकोत. देव नकोत. तुमचा खरा दिवस दाखवा. आमचं कुटुंब, असा व्हिडिओ करा."

खरा दिवस म्हणजे काय दाखवणार? धागे कापणं? मी चहाची सुट्टी घेतली. तेवढ्यात सगळ्या हसतात. मास्तर फळीपुढं कप घेऊन उभा राहिला, पोट आत ओढून, केस सारखे करून. "घे, घे. नीट घे." अक्का हसली. तात्या किटली घेऊन फिरला. मी टॅब फिरवत फिरवत दारापर्यंत गेले. पारूमावशी बाहेर उकिडवी बसलेली. तिच्या कपात धार पडत होती. मागं खिडकीत माझा आणि सुमनचा कप. मी सगळं टिपलं आणि शेवटी माझ्याच आवाजात म्हणाले, "हे आमचं कुटुंब!"

मला ते दिसलं नाही. माझ्या डोळ्यांना त्याची इतकी सवय होती की ते मला भिंतीसारखं, पत्र्यासारखं वाटलं. मी स्वतःचा अपमान स्वतःच्या हातानं टिपला आणि हौसेनं सगळ्या कंपनीला पाठवला. आजही ते आठवलं की डोकं फोडून घ्यावंसं वाटतं.

लाल बदाम आले. टाळ्यांची चित्रं आली. मास्तर खूश. मग पुण्याच्या ऑफिसातल्या कुणा अनोळखी माणसानं खाली एक ओळ लिहिली.

"खिडकीतले कप वेगळे का आहेत?"

प्रश्न लोंबकळत ठेवायचा नाही. मी सांगडसखी. लगेच उत्तर लिहिलं.

"ते वस्तीवाल्यांचे आहेत."

हेच ते तीन शब्द. मी त्यात ना रडले होते ना भांडले होते. कुणी विचारलं चप्पल कुणाची तर सांगतो आपण, तसं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुंबईचं ऑफिस त्यावर बोलायला लागलं. शेठच्या मुलानं मास्तराला फोन केला. फोन खाली ठेवून मास्तर सरळ माझ्या टेबलापाशी आला आणि त्यानं मला मारलं.

मार खाल्ल्यावर मी बाहेरच्या नळावर तोंड धुवायला गेले. खिडकीत माझा कप दिसला. आईचा कप. काठाचा टवका उडालेला, निळी रेघ निम्मी गेलेली. मी त्याच्याकडं बघत राहिले. ओठातलं रक्त त्या नळाखाली पडत होतं. पहिल्यांदा मला तो कप दिसला. आई दिसली, उकिडवी बसलेली, किटलीकडं मान वर केलेली. ती धार दिसली. माझ्या अंगात काहीतरी पेटलं आणि ते अजून विझलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आली. मला वाटलं, माझ्यासाठी आली. मी फाटलेलं कुडतं पिशवीत घालून दाखवायला नेलं होतं. सुजलेला ओठ तर समोरच होता.

"मॅडम, मास्तरानी मला मारलं."

"हो, ते चुकलंच त्यांचं," ती घाईनं म्हणाली. "ते आपण नंतर बघू. आधी हा गैरसमज मिटवू. तू आमची सखी आहेस ना?"

तिनं नवे कप आणले होते. सगळे एकसारखे, कंपनीचं चिन्ह असलेले. ठरलं असं की आपण नवीन व्हिडिओ करायचा. मास्तर स्वतःच्या हातानं मला चहा देणार. दोघं बरोबर पिणार. मग मी म्हणायचं, "आमच्यात असलं काही नाही. जागा कमी म्हणून कप खिडकीत होते." आणि हे थेट दाखवायचं, सगळ्या ऑफिसांना, त्याच वेळी.

"थेट दाखवलं की लोकांना खरं वाटतं," मॅडम म्हणाली.

"पन ते खोटं हाय."

तिचा आवाज गोडच राहिला. "हे बघ, तुम्ही तिघी आहात. तिघींचा विचार कर. चेकिंगचं मशीन यायचंच आहे, तुला माहितीये."

पारूमावशीनं मला खांबामागं ओढलं. "म्हन की गं बाई. काय जातंय तुजं? एक घोट तर प्यायचा हाय."

"मावशी, आयुष्यभर भाईर बसलीस."

"बसली तर बसली. उद्या घरात बसवतील, मंग काय खाऊ?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सुमन नुसती रडत होती. मी हो म्हणाले. जाऊ दे, म्हटलं, एक घोट.

मॅडमनं टॅब तीन पायांच्या स्टँडवर लावला. फळी झाडून पुसून घेतली. नव्या कपांची रांग. बायांना पदर सारखे करायला लावले. माझ्या ओठावर तिनं तिच्या पर्समधलं कसलंसं मलम चोपडलं, सूज दिसू नये म्हणून. टॅबवर लाल ठिपका आला. सुरू.

मास्तर दात काढून पुढं आला. त्याच्या हातात दोन कप. एक मला दिला. देताना त्यानं बशी खालून धरली, माझं बोट लागणार नाही अशी. त्याचा कप त्यानं ओठापर्यंत नेला. घोट घेतला नाही. मी जवळ उभी होते, मला दिसलं. घशाचं हाड हललं नाही. नवा कप, पण तात्यानं दोन्ही कप एकाच ताटातून आणले होते ना. माझ्या कपाशेजारी एका ताटात ठेवला, तेवढ्यानं त्याचा कप बाटला होता.

"बोल," मॅडम टॅबमागून ओठांनी म्हणाली.

मी तोंड उघडलं. आणि मला तात्यामागं, टॉवेलच्या गठ्ठ्याआड एक खोकं दिसलं. उघडं. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. एका पुडक्यातून निळी रेघ दिसत होती. आईचा कप. तिन्ही कप. नीट, वेगवेगळे गुंडाळलेले, एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून. आमची कधी कुणी एवढी निगा राखली नव्हती.

"तात्या, हे कशाला ठिवलेत?"

तात्या साधा माणूस. लाल ठिपक्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं. विचारलं तसं त्यानं सांगितलं.

"उद्याला लागतील की."

मॅडम टॅबकडं झेपावली. मी तिच्या आधी खोक्याकडं गेले. पहिला कप फरशीवर आपटला. पारूमावशी किंचाळली, तिचा होता. दुसरा मी मास्तराच्या पायापाशी फोडला. ठिकऱ्या उडाल्या, बाया मागं सरल्या. माझ्या हातातला नवा कप मी त्या फळीवर भिरकावला, चहा भिंतीवर उडाला, चिन्हं असलेले कप धडाधड खाली आले. खोक्यातला आईचा कप हातात घेऊन मी काय ओरडत होते मला आठवत नाही. शिव्या देत होते. वस्तीतल्या शिव्या, बापाच्या तोंडच्या, ज्या मी आजवर तोंडात येऊ दिल्या नव्हत्या.

मास्तरानं मागून माझे केस धरले. मुठीत गुंडाळून माझं डोकं टेबलावर आपटलं. एकदा. परत एकदा. डोळ्यांपुढं काळं झालं. टॉवेलची रास तोंडाखाली, त्यावर माझं रक्त. "तुमाला आत घ्यायचंच न्हाय! घ्यायचंच न्हाय!" तो ओरडत होता. हेच त्याला कधीपासून म्हणायचं होतं.

माझ्या हातात अजून आईचा कप होता. मी तो टेबलाच्या कडेवर हाणला. निम्मा गेला, कान आणि एक टोकदार तुकडा मुठीत राहिला. मी वळले. केस मुळासकट उपटले गेले त्याच्या हातात. तो तुकडा मी त्याच्या गळ्यापाशी नेला.

"लाव हात. आता लाव की हात. लाव!"

त्यानं हात सोडले. मागं सरकता सरकता फळीला पाठ लागली. त्याच्या डोळ्यांत भीती होती. माझी. माझी भीती कुणाच्या डोळ्यांत मी कधी बघितली नव्हती. मला ते टोक त्याच्या गालात खुपसायचं होतं. आईच्या सगळ्या दिवसांसाठी खुपसायचं होतं. लपवत नाही. हात पुढं गेलाच होता.

अक्कानं माझं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. "वद्दु गं! वद्दु! नको. तुज्यावरच येतंय समदं." माझ्या तळव्यात तुकडा रुतला होता, तिचे हात कोपरापर्यंत माझ्या रक्तानं भरले. तिनं सोडलं नाही. मी तुकडा मात्र टाकला नाही, तसाच मुठीत घेऊन गेटबाहेर आले.

सरकारी दवाखान्यात टाके पडले. तिथून मी वस्तीतल्या दोन बायांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब मला समजावत बसले. एवढं कशाला ताणता, मिटवून घ्या, तुम्हीही हत्यार घेतलं होतं की. मी म्हणाले, लिहून घ्या. कायदा आहे, त्या कायद्याखाली लिहून घ्या. बसून राहिले. हाताला ठणका लागला, ताप चढला, पण उठले नाही. लिहून घेतल्यावरच उठले.

सांगडवरून ते सगळं पुसलं गेलंय. ज्यांनी बघितलं ते सगळे पगारावर आहेत. पोलीस कारखान्यात गेले तेव्हा अक्का म्हणाली, "मी घडी घालत व्हते, बघितलं न्हाई." मला कामावरून काढलं, पारूमावशीला त्यांनी ठेवलं. ती आता मी दिसले की गल्ली बदलते. मला दोघींचाही राग येतो, मी थोर नाही. पण त्यांच्या मानेवर कुणाचा गुडघा आहे ते मला ठाऊक आहे.

घरी आईनं माझ्या हाताची पट्टी चाचपली.

"माजा कप व्हता न्हवं त्यो?"

"व्हय. फोडला."

ती म्हणाली, "मला एकदा बी सुचलं न्हाय गं." आणि तोंडावर पदर घेऊन अशी रडली की मला ते ऐकवेना. मी उठून बाहेर गेले आणि भिंतीवर दुसरा, चांगला हात आपटत राहिले.

परवा मॅडमचा फोन आला. आवाज तोच, गोड. "अगं, पुण्याच्या युनिटला जागा आहे. तिथं सगळं मॉडर्न आहे, कागदी कप आहेत. तू फक्त तक्रार मागं घे."

"न्हाई."

"मग तुला हवंय तरी काय?"

मी तिला सांगितलं, तेच इथं सांगते. तक्रार मागं घेणार नाही. साक्षीदार नसला तर मी आहे, माझं डोकं आहे, टाके आहेत. कोर्ट कितीही लांबलं तरी मी तारखेला उभी राहीन. आणि मला दुसरीकडं जायचं नाही. मला तेच चेकिंग परत पाहिजे, माझ्या आईचं टेबल, आईची कात्री. मी बाजारातून एक कप घेऊन ठेवलाय. साधाच आहे. परत कामावर गेले की चहाच्या सुट्टीत तो मी आतल्या लाकडी फळीवर ठेवणार आहे, मास्तराच्या कपाला चिकटून, कुणाचा कॅमेरा सुरू नसताना. ज्याला तो उचलून खिडकीत ठेवायचा असेल त्यानं पुढं यावं. मी फळीपाशीच उभी असेन.